टेबलावरचं वर्कहाऊस

एटोबिकोच्या त्या वृद्धाश्रमात जे जिगसॉ पझल मांडलं होतं, ते दान करणाऱ्याला मला एकदा भेटायचं आहे. भेटून काय बोलेन ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पप्पांना बरोबर घेऊन आम्ही त्यांच्यासाठी जागा बघायला गेलो होतो. पप्पांची स्मृती गेली होती. वसईहून इकडे परदेशात आल्यापासून आई आणि ते मिसिसागात दादाच्या घराखालच्या बेसमेंटमध्ये राहायचे. एकदा पप्पा भर बर्फात नुसत्या चपला घालून रस्त्यावर सापडले, तेव्हा दादाने अप्लाय करून टाकलं. जागा मिळाली ती एकट्या पप्पांना, कोड दाबल्याशिवाय दार उघडत नाही अशा मजल्यावर. आई बेसमेंटमध्येच राहणार. सगळा जन्म एकत्र काढलेली दोन माणसं वेगळी करायची ठरली आणि आईला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मॅनेजरबाई येईपर्यंत आम्हाला लाउंजमध्ये बसवलं. टेबलावर अर्धवट लागलेलं पझल होतं. खोक्यावर लाल विटांची देखणी इमारत, मधोमध घड्याळाचा मनोरा, पुढे हिरवळ. आई तुकडे लावायला बसली.

"छान आहे गं. कुठली शाळा ही?"

मी खोक्याची मागची बाजू वाचली. राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं इंग्लंडमधलं वर्कहाऊस. ज्यांना पोट भरणं जमायचं नाही त्यांना तिथं आसरा मिळायचा, तोही राबवून घेऊन. फाटकातून आत शिरलं की नवरा एका अंगणात, बायको दुसऱ्यात. आणि त्याखाली लिहिलं होतं की हे पझल सगळ्या कुटुंबाने मिळून लावायला उत्तम! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शाळा नाही, आई. गरिबांना ठेवायचे इथं. नवरा-बायकोला वेगळं करून."

"तुला हे आत्ताच सांगायचं होतं?" दादा दातओठ खात म्हणाला. "इट्स जस्ट अ पझल, यार."

"मग कधी सांगू? पप्पांची बॅग भरून झाल्यावर?"

 हातातला तुकडा आईने खोक्यात टाकला आणि पर्समधून जपमाळ काढली. संध्याकाळ झाली होती, आणि आमच्या वसईच्या ख्रिस्ती घरात जगबुडी आली तरी त्या वेळेची जपमाळ चुकली नाही. प्रत्येक प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा, उरलेला दुसऱ्याने. आईने सुरुवात केली. मला "बाई, तुम्ही कुठल्या?" असं विचारणारे पप्पा एकही शब्द न चुकता पुढचं म्हणत गेले. ती दम घ्यायला थांबली की तेही थांबायचे. सुरुवात त्यांना येत नव्हती.

मॅनेजरबाई दारात उभी राहून ऐकत होती. "हाऊ ब्यूटिफुल!" म्हणाली. मग तिने सुचवलं की आईचा आवाज रेकॉर्ड करून द्या, आम्ही रोज संध्याकाळी त्यांच्या खोलीत लावत जाऊ. हे ती अगदी मनापासून म्हणत होती, त्याचाच मला जास्त संताप आला. आणि आमच्या दादाने लगेच फोन काढला.

"आई, परत पहिल्यापासून म्हण ना. जरा स्लो."

आईला इंग्रजी येत नाही. "कशाला?" तिने मला विचारलं. मी सांगितलं.

तिने दादाचा हात बाजूला सारला. "रेकॉर्ड मेलेल्या माणसाची ऐकतात. मी जिवंत आहे ना रे?"

दादाने मान खाली घातली. मी म्हटलं, दोघंही माझ्याकडे येतील.

"तुझ्या वन बेडरूम कॉन्डोत? किती दिवस मॅनेज करशील?"

तेव्हापासून दोघं माझ्याकडेच आहेत. मी सोफ्यावर झोपते, वॉनला एका वेअरहाऊसमध्ये शिफ्ट करते, दमते, आणि कधीकधी पप्पांवरच खेकसते. दादा दर रविवारी ग्रोसरी आणतो आणि दारातूनच परत जातो. बसायचं धाडस त्याला होत नाही आणि मीही बस म्हणत नाही.

परवा मी त्या वृद्धाश्रमात फोन केला. एका खोलीत दोन बेड मिळतील का, विचारलं. मॅनेजरबाई म्हणाली, तशी खोली आमच्याकडे नसते. पप्पांना मात्र लगेच घेता येईल.

"आणि आईने कुठं जायचं?"

"त्यांच्यासाठी वेगळं अप्लाय करा. आमची दुसरी इमारत आहे ना. दोन्हींच्या मध्ये बस धावते, त्यांना हवं तेव्हा येऊन भेटता येईल."