प्लास्टिकचा कीबोर्ड

बारा कॉम्प्युटर होते त्या कॅफेत. अकरा कीबोर्ड उघडे. बाराव्यावर प्लास्टिक.

ते प्लास्टिक माझ्यासाठी होतं. मी आत शिरले की मालक काउंटरखालून ते काढायचा आणि दाराजवळच्या मशीनवर घालायचा. मी उठले की दोन बोटांनी उचलून परत खाली टाकायचा. मासळीचा वास लागतो म्हणे. मी पनवेलच्या बाजारात दुपारपर्यंत आईबरोबर पाटीवर बसायचे. मग लिंबाने हात घासायचे, साबण तीनदा लावायचे, ड्रेस बदलायचे आणि नवीन पनवेलला यायचे. तरी प्लास्टिक. त्याच कॅफेत वडापाव खाऊन तेलकट बोटांनी खेळणारे होते. त्यांच्या तेलाला वास नव्हता.

दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. तेव्हा मी तेवीस वर्षांची. आणि मला सगळे म्हणायचे मावशी.

सुरुवात निखिलने केली. निखिल तिशीचा, विमा कंपनीत नोकरीला, कॉलनीत राहणारा, खेळातल्या आमच्या टोळीचा कॅप्टन. त्याची आई माझ्या आईकडून पापलेट घ्यायची आणि तिला मावशी म्हणायची. म्हणून मीही मावशी. कोळणीला वय नसतं. टोपली डोक्यावर आली की ती मावशी होते.

आता खेळ सांगते, म्हणजे पुढचा तमाशा कळेल. इंटरनेटवरचा खेळ, हजारो माणसं एकाच वेळी खेळणारी. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. पात्राच्या प्रकाराला क्लास म्हणत, आणि कुठल्या क्लासला किती ताकद, त्या वाटणीला बॅलन्स. तलवारवाला योद्धा, आग फेकणारा जादूगार, लपून सुरा खुपसणारा मारेकरी. आणि हीलर. हीलरने दुसऱ्यांचं रक्त भरायचं. तलवारवाला पुढे जाऊन जखमी होतो, हीलर मागे उभी राहून त्याला बरं करते, तो पुन्हा पुढे जातो. जिंकला की नाव त्याचं.

मी पहिल्या दिवशी तलवार मागितली. निखिल म्हणाला, हीलर घे, तुम्हा लोकांना सेवा चांगली जमते. मी घेतली. वर त्याला थँक्यू म्हटलं. हे सांगायला आजही जीभ जड होते, पण म्हटलं होतं.

दर रविवारी कॅफेत द्वंद्व व्हायचं, एकास एक. पांढऱ्या बोर्डावर नावं लागायची. सहा महिने मी रक्त भरलं, माझं नाव एकदाही लागलं नाही. शेवटी विचारलं. निखिल मान न वळवता म्हणाला, "हीलर द्वंद्वात नसतो, मावशी. त्याचा बॅलन्सच तसा नाही. तू मागे उभी राहा."

मी ऐकलं नाही. चार रविवार बोर्डासमोर जाऊन उभी राहिले. पाचव्या रविवारी मालकाने गंमत म्हणून माझं नाव लिहिलं. समोर निखिल. खुर्च्या ओढून सगळे मागे जमले. कोळीण कशी मरते ते बघायचं होतं.

माझे वडील उरणला खाडीच्या तोंडाशी डोल लावायचे. डोल म्हणजे खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं. ते माशामागे धावत नाही. जागेवर तोंड उघडून बसतं. पाणी वळतं आणि मासा आपल्या पायाने, म्हणजे शेपटाने, आत येतो.

मी डोल लावली. निखिल तलवार चालवत होता, मी स्वतःचं रक्त भरत होते. तो मारी, मी भरी. त्याच्या प्रत्येक मोठ्या वाराला पडद्यावरच्या निळ्या पट्टीतून खूप शक्ती जायची, माझ्या भरण्याला थोडीच. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मागचे हसायचे थांबले. निळी पट्टी संपली आणि तलवारवाला नुसता उभा राहिला, पाणी उतरल्यावर चिखलात बसलेल्या होडीसारखा. मग मी पुढे झाले. हीलरकडे काठी असते, तिने मुंगी मरणार नाही. पण टोचता येतं. मी टोचलं. टोचत राहिले. पंधरा मिनिटं टोचून टोचून मी कॅप्टनला मारलं. काय सांगू, इतकं हळू मारण्यातलं सुख.

कोणी टाळी वाजवली नाही. निखिल उठला आणि म्हणाला, "या गेमचा बॅलन्सच बिघडलाय."

सहा महिने तो सामन्यांत समोरच्या बेसावध हीलरांना दोन वारांत मारत होता, तेव्हा बॅलन्स ठीक होता. तेव्हा ते कौशल्य होतं. मी एकदा जिंकले आणि गेम बिघडला.

पुढच्या रविवारी बोर्डावर मालकाच्या अक्षरात नवी ओळ: द्वंद्व तीन मिनिटांचं. निकाल लागला नाही तर हीलर हरला.

संध्याकाळी आईला सांगितलं. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. बोंबील सुकत घालता घालता तिने एवढंच विचारलं, "तुज्याबिगर त्यांचं चालतं काय? नाय ना? मंग?"

त्या 'मंग' वर मी आठवडाभर विचार केला.

पुढच्या रविवारी कामोठ्याच्या कॅफेशी सामना होता, पाच विरुद्ध पाच. मी दारातच म्हणाले, "बोर्डावरची ती ओळ पुसा. माझं नाव लिहा. नाहीतर आज मी रक्त भरणार नाही."

निखिल हसला. "मावशी, इथे पण भाव करतेस? बस, बस."

मी बसले. कीबोर्डवरचं प्लास्टिक ओढून काढलं. मालक बघत होता, पण सामना सुरू झाला होता.

निखिल नेहमीसारखा धावत सुटला. मागे बघायची त्याला सवयच नव्हती. मागे कोणीतरी असतंच, हे त्याने घरापासून ऑफिसपर्यंत गृहीत धरलेलं. कामोठेवाले पाचही त्याच्यावर पडले. रक्त अर्ध्यावर आलं.

"हील."

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मावशी, हील."

हात मांडीवर. मग त्याने माझ्या नावाने हाक मारली. नावाने. म्हणजे त्याला ठाऊक होतं. इतके महिने ठाऊक होतं.

तो मेला. मग बाकीचे तिघे, एकामागून एक. त्यातल्या एकाने मला कधी मावशी म्हटलं नव्हतं. त्याचं वाईट वाटलं. थोडंच.

कामोठ्याच्या कोणीतरी पडद्यावर लिहिलं, हीलर झोपली काय?

मी हात उचलले आणि मोकळ्या कीबोर्डवर पहिल्यांदा टाइप केलं: जागी आहे.

निखिल मला गद्दार म्हणाला. मी म्हटलं, दारात सांगितलं होतं. मालक म्हणाला, उद्यापासून यायचं नाही. ठीक. जाताना प्लास्टिक घेऊन गेले. आईने त्यात सुकट बांधली.

आता विचुंब्याला माझं घर आहे, घरात माझा कॉम्प्युटर, आणि त्याच्यासमोर बसून मी कोळंबी सोलते, मला कोण अडवणार. अजून खेळते. हीलरच. नवीन टोळ्या येतात, गोड बोलतात, ताई हीलर कमी आहेत, जरा मागे उभ्या राहाल का. पहिल्याच दिवशी सांगते. रक्त भरीन, पण द्वंद्वाच्या यादीत माझं नाव आधी. नियम माझ्यासमोर ठरेल. तीन मिनिटांचा असेल तर तीन मिनिटांत मला न मारणारा हरला, असाही लिहायचा. मान्य नसेल तर खुशाल धावा पुढे आणि मरा.

मी बघत बसेन. हात मांडीवर ठेवून.