माहेरी परतलेली वाइन

"वकीलसाहेब, माझी वाइन तिकडे पत्र्याच्या शेडमध्ये तापतेय, नि तुम्ही मला चहा कसला विचारताय? आणखी थोडे दिवस गेले की व्हिनेगर होईल तिचं!"

सुनंदाताई बसायलाही तयार नव्हत्या. त्या संगमेश्वरजवळ जांभळाची वाइन करतात. लायसन्स रीतसर. हंगामाची सगळी वाइन गोव्याच्या एका हॉटेलवाल्याने मागवली होती. परराज्यातली वाइन विकायची तर तिच्या लेबलची तिथे आधी नोंदणी लागते. हॉटेलवाल्याने ती केलीच नव्हती. गोव्याच्या नाक्यावरून गाडी परत फिरली. येताना हातखंब्याजवळ इकडच्या उत्पादन शुल्क पथकाने अडवली. लेबलवर छापलेलं, 'फक्त गोव्यात विक्रीसाठी'. म्हणजे माल बाहेरचा. आयात परवाना दाखवा. तो कुठून असणार? माल जप्त.

"अहो, संगमेश्वरची जांभळं ती! गोव्याची कशी होतील?"

"जांभूळ कोण बघतंय, ताई? कागद बघतात."

सुनावणी रत्नागिरीतच झाली. उत्पादन शुल्कच्या साहेबांच्या खुर्चीवर पांढराशुभ्र टॉवेल. टॉवेल जितका शुभ्र, तितकं प्रास्ताविक लांब, असा माझा अनुभव आहे. ते संपल्यावर साहेब म्हणाले, "राज्याबाहेरून आत आली, म्हणजे आयात. व्याख्या स्पष्ट आहे."

"पण साहेब, मुळात निर्यात तरी कुठे झाली? तिकडच्यांनी माल घेतलाच नाही. नवरी मांडवाच्या दारातून परत आली. लग्नच लागलं नाही, तर ती सासरची कशी?"

मागून सुनंदाताई पुटपुटल्या, "नि माहेरी यायला परवाना कसला मेला?"

साहेब हसले. हसलेले साहेब म्हणजे निम्मी केस. उरलेल्या निम्मीसाठी मी दाखवून दिलं की निर्यात परवान्यावर माल पोचल्याचा तिकडचा शिक्काच नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला. निर्यात पूर्ण झाली नाही, सबब आयातही नाही, माल सोडावा. शेवटी एक ओळ होती: जुनं लेबल काढल्याशिवाय राज्यात विक्री करू नये.

ते लेबल ताईंनी मुंबईहून खास मागवलेलं. भिजलं तरी सुटत नाही, म्हणून. सगळं घर बाटल्या खरवडत बसलं.

"वाइन झकास आहे," ताईंनी फोनवर सांगितलं. "नखं तेवढी गेली."

बाटलीत काय आहे यापेक्षा बाटलीवर काय चिकटवलंय, हे कायदा आधी वाचतो. वकिलांनी यावर हसू नये. आमच्या काळ्या कोटाचा धंदा त्यावरच चालतो.