मंदाताईचं पळणं

मंदाताईने शॉर्टकट मारला, असं अर्ध्या नाशिकला वाटत होतं.

आज ती जाऊन वर्ष झालं. म्हणून एकदा सगळं नीट सांगते.

नव्वदच्या दशकात ज्यांनी नाशिकमध्ये पेपर वाचला, त्यांना मंदाताई माहीत असणारच. सायकलवाली मंदा. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, घर तिथल्याच कॉलनीत. ही तिथून रोज सायकलने शहरात कॉलेजला यायची. तिथूनच शर्यती सुरू झाल्या.

घाटात तर भलेभले तिच्या मागे राहायचे.

मग स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी, लग्न, मुलगी. शर्यती थांबल्या. लोक म्हणाले, झालं की आता, खूप नाव कमावलंस.

दोन हजारनंतर कधीतरी गंगापूर धरणावर ट्रायथलॉन होणार असं कळलं. आधी पोहायचं, मग सायकल, आणि सायकलवरून उतरलं की लगेच पळायचं.

ताईने नाव दिलं.

पोहण्यात ती कशीबशी निभावली. सायकलवर सगळ्यांना मागे टाकलं. आणि पळायला लागली, तर पाय उचलेनात. एकेक जणी शेजारून पुढे जात राहिली. शेवटी ताई चालत आली.

कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "सायकलवाल्यांचं हे असंच. खाली उतरले की संपले."

ताईने ऐकलं. मीही ऐकलं.

मी तेव्हा नाशिकरोडला शाळेत पी.टी. शिकवायचे. कॉलेजात ती सायकल चालवायची आणि मी पळायचे, एवढीच आमची ओळख. दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या गेटवर हजर.

"मला पळायला शिकव."

"ताई, तुला कशाला हवंय आता हे?"

"अगं, जे येतं ते आयुष्यभर केलं. आता जे अजिबात येत नाही, ते करून बघायचंय."

वर्षभर आम्ही एकलहऱ्याच्या रस्त्यावर पळालो. ती आधी सायकल दामटायची, मग सायकल माझ्याकडे ढकलून तशीच पळत सुटायची. कंबरेत वाकून, दोन्ही मुठी पुढे धरून.

"ताई, हँडल सोड आता!" मी ओरडायचे.

ती हसायची आणि परत मुठी पुढे.

पोटऱ्या धरायच्या. नखं काळी पडायची. कॉलनीतल्या बायका गॅलरीतून बघायच्या. पण हळूहळू पाठ सरळ झाली. हात सुटले. एका सकाळी तिने मला मागे टाकलं, आणि हे तिच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या वर्षी तीच स्पर्धा. ताई पहिली आली.

मी नाचत होते. आणि तेवढ्यात तक्रार झाली.

तक्रार देवरे सरांची. दुसऱ्या आलेल्या कविताचे ते कोच. कविता इगतपुरीकडची, भातशेती करणाऱ्या घरातली. पळण्यात तिला तोड नव्हती.

"सायकलला बाई वाघीण आहे, मान्य," सर म्हणाले. "पण गेल्या वर्षी चालत आलेली बाई यंदा असं पळते? रस्ता जिथून परत फिरतो, तिथे हिला कुणी बघितलं?"

कुणीच बघितलं नव्हतं. तिथला व्हॉलंटियर नेमका चहाला गेला होता.

निकाल अडकला. कुजबुज सुरू झाली. ऑफिसातसुद्धा लोक तिला हसत विचारायचे, "काय मॅडम, कुठून वळलात?"

घरी येऊन ती रडली. मी म्हटलं, सोडून दे. तिने तोंड धुतलं आणि देवरे सरांना फोन लावला.

"सर, रविवारी या. रस्ता तुम्ही ठरवा. आधी सायकल, मग पळणं. तुमच्या पोरीलाही आणा."

रविवारी एकलहऱ्याला ही गर्दी! देवरे सर स्कूटरवर बरोबर. कॉलनीतल्या बायका गॅलरी सोडून खाली रस्त्यावर उतरलेल्या.

सायकलमध्ये ताई बरीच पुढे होती. पण परीक्षा पळण्याची, म्हणून कविता येईपर्यंत ती थांबली. मग दोघी एकदमच निघाल्या.

कविता लगेच पुढे गेली. ताई मागे, पण मागे म्हणजे किती, तर हात पुढे केला असता तर वेणी हातात आली असती. वळणावरही तेवढंच अंतर. परत येतानाही तेवढंच.

शेवटी कविताच जिंकली. अगदी थोडक्यात.

देवरे सरांनी स्कूटर बंद केली. ताईजवळ आले.

"ताई, चुकलं माझं. तक्रार मागे घेतो."

ताई गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती. म्हणाली, "ते नंतर. आधी पोरीची पाठ थोपटा सर. काय पळाली ती!"

कविता तिथेच रडायला लागली. मग म्हणाली, "ताई, तुमच्यासारखी सायकल मला शिकवाल का? माझी लई कच्ची आहे."

"उद्यापासून ये."

ती खरंच आली. कविता सायकल शिकली, आणि सोमवारपासून कॉलनीतल्या दोघी-तिघी साडीवर बूट घालून आमच्या मागे पळायला लागल्या. पुढे पंजाबी ड्रेस आले, ट्रॅकपँट आल्या, सुना आल्या.

शेवटच्या आजारपणात ताईला उठवत नव्हतं. मी गेले की एकच प्रश्न, "आज कोण कोण आलं होतं पळायला?" मी नावं सांगायचे. एखादी गळलेली असली की म्हणायची, "तिला फोन कर. रागावू नकोस, नुसता फोन कर."

आज सकाळी कविता इगतपुरीहून तिच्या शाळेतल्या मुलींना घेऊन आली होती. ती आता तिकडच्या आश्रमशाळेत कोच आहे. एकलहऱ्याच्या बायका आणि त्या पोरी, सगळ्या एकत्र पळाल्या. एका पोरीला अजिबात जमत नव्हतं. सगळ्यात शेवटी आली, आणि आल्या आल्या विचारलं, "मॅडम, उद्या परत आहे का?"

आहे गं. उद्याही आहे.

मंदाताई, तुला आम्हा सगळ्या जणींचा मनापासून नमस्कार.