उताराला गाडी बंद

इमामपूरच्या घाटात आमची गाडी मुरमाच्या ढिगावर चढली, तेव्हा टाकीत पेट्रोल भरपूर होतं.

हे आधीच सांगतो, कारण नंतर ज्याने त्याने मला "पेट्रोल संपलं होतं का?" असंच विचारलं. संपलं नव्हतं. मी वाचवत होतो. पेट्रोलने शंभरी ओलांडली आणि पुन्हा मागे वळून पाहिलं नाही, तेव्हापासून माझ्या गाडी चालवण्यात फार बदल झाला होता. एसी बंद. काचाही बंद, कारण काच उघडली की गाडीला वारा अडतो आणि तेल जास्त लागतं, असं आमच्या सुप्याच्या कारखान्यातल्या एका जाणकाराने कँटीनमध्ये सांगितलं होतं. चाळिशीच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. मंगल, म्हणजे आमची ही, शेजारी घाम पुसत बसायची आणि पुढे निघून जाणाऱ्या मोपेडकडे बघायची.

"अहो, त्या आजोबांनी पण ओव्हरटेक केलं आपल्याला."

"जाऊ दे. त्यांना महागाई कळत नाही."

याच जाणकाराने पुढचा धडा दिला. "उताराला गाडी बंद करायची. उतार फुकट असतो." मला ते इतकं पटलं, की नगरमध्ये उतार कुठे कुठे आहेत हे मी शोधू लागलो. उड्डाणपुलावरून उतरताना दोन-चारदा करून पाहिलं. जमलं. मग नेवाशाला जायचं निघालं.

मंगलच्या मामेबहिणीचं डोहाळजेवण होतं. सासूबाई त्यासाठी खर्ड्याहून आदल्या दिवशीच आल्या होत्या. मांडीवर लाडवांचा डबा घेऊन त्या मागच्या सीटवर बरोबर मधोमध बसल्या. (कडेला बसलं की दार उघडतं, असं त्यांचं मत.) जेऊर मागे पडेपर्यंत त्यांच्या तोंडाला खळ नव्हता. कुणाची सून कशी, कुणाच्या म्हशीने किती दूध चोरलं, सगळं सुरू होतं.

घाटाच्या तोंडाशी आलो. मी गिअर काढला आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

आवाज थांबला. नुसती चाकांची सळसळ. सासूबाईही थांबल्या.

"गाडी बंद पडली का?" मंगलने विचारलं.

"बंद पडली नाही. बंद केली."

"घाटात?"

"घाटातच तर करायची असते."

पहिली दोन मिनिटं स्वर्ग होता. गाडी आपोआप पळत होती आणि काटा बऱ्याच महिन्यांनी साठीकडे निघाला होता. जरा जास्तच वाटलं म्हणून ब्रेकवर पाय ठेवला. लागला. पुन्हा ठेवला. लागला, पण कमी. तिसऱ्या वेळी पायाखाली ब्रेक नव्हताच, दगड होता. मी सीटवरून उठून त्यावर उभा राहिलो, तरी तो हलेना. इंजिन बंद झालं की ब्रेक असा घट्ट होतो, हे त्या जाणकाराने सांगितलं नव्हतं. तिथवर येण्याआधीच कँटीनमधली जेवणाची सुट्टी संपली असावी.

आणि समोर उसाचा ट्रॅक्टर. मागे दोन ट्रॉल्या, त्या गच्च भरलेल्या, आणि तो मुंगीच्या पावलाने उतरत होता. मागच्या ट्रॉलीतून बाहेर आलेली उसाची टोकं माझ्याकडेच बघत होती. ती मोठी मोठी होऊ लागली.

"अहो, ब्रेक."

"मारतोय."

"मग थांबत का नाही?"

याला उत्तर होतं, पण ते द्यायला वेळ नव्हता. मी स्टिअरिंग डावीकडे ओढलं. तेही जात्यासारखं जड. कशीबशी गाडी रस्त्याच्या कडेला वळली, ट्रॉलीचा कोपरा माझ्या काचेला चाटून मागे गेला. आता इंजिन चालू करावं म्हणून मी चावीला हात घातला, आणि घाबरलेल्या माणसाचा हात कुठे जाईल सांगता येत नाही, ती दाबून उलटी फिरवली. घराच्या, कपाटाच्या आणि गच्चीच्या चाव्यांसकट सगळा जुडगा माझ्या हातात आला. चावी निघताच स्टिअरिंगमध्ये कट् असा आवाज झाला. कुलूप लागून ते तिथंच अडकलं. डावीकडे.

डावीकडे रस्ता संपत होता. पलीकडे बाभळीचा शेंडा दिसत होता. शेंडा दिसत होता आणि बुंधा दिसत नव्हता, याचा अर्थ मला फार लवकर कळला. मंगलने माझा दंड धरला. ती ओरडली नाही. हळू आवाजात एवढंच म्हणाली, "अहो, पोरं घरी आहेत." ते वाक्य मला अजून झोपेतून उठवतं.

तेवढ्यात खालून करकर असा भयंकर आवाज आला. गाडी मागून बसली, घसरली आणि रुंदीकरणासाठी टाकलेल्या मुरमाच्या ढिगावर चढून तोंड आभाळाकडे करून थांबली. धुरळा. शांतता. एक लाडू माझ्या खांद्यावरून घरंगळत मांडीत आला.

मागे वळून पाहिलं. सासूबाईंनी डोळे गच्च मिटले होते. त्यांचे दोन्ही हात आमच्या दोन सीटांच्या मधून पुढे आलेले, आणि त्या हातांत हँडब्रेक, उपटून काढल्यासारखा वर ओढलेला.

"आई, तुम्ही हँडब्रेक ओढला?"

"मला काय म्हाईत त्यो कशाचा दांडा हाय," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. "धराया कायतरी लागतंय का न्हाई? नेवासं आलं का?"

ट्रॅक्टरवाला गाडी कडेला लावून धावत वर आला. "काय झालं हो? ब्रेक फेल?"

"हो, ब्रेक..." मी सुरुवात केली.

"ब्रेकला काही झालं नव्हतं," मंगल म्हणाली. "ह्यांनी गाडी बंद केली होती."

"कशापायी?"

"पेट्रोल वाचवायला."

तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. मग सासूबाईंना हात देऊन बाहेर काढायला गेला.

रस्त्यावर थांबलेल्या चार माणसांनी गाडी ढिगावरून मागे ढकलली. इंजिनखालचा चेंबर फुटून सगळं ऑइल मुरमात गेलं होतं. घोडेगावहून गॅरेजवाला जीप घेऊन आला, त्याने आमच्या गाडीला दोर बांधला. टोचन करताना मागच्या गाडीचं स्टिअरिंग धरायला कुणीतरी लागतं. मंगल आणि सासूबाई कधीच जीपमध्ये जाऊन बसल्या होत्या.

"साहेब, इंजिन अजिबात चालू करू नका," गॅरेजवाला म्हणाला. "आन् बंद गाडीचा ब्रेक लई घट्ट असतोय बरं का. दोन्ही पायांनी दाबा."

"माहितीये," मी म्हणालो.

उरलेला घाट मी पुन्हा बंद गाडीतच उतरलो. दोराएवढ्या अंतरावर जीप, तिच्या मागच्या काचेतून माझ्यावर डोळे लावून बसलेल्या सासूबाई, आणि मी ब्रेकवर उभा. त्यांनी बसल्या जागी जीपचाही एक दांडा धरून ठेवलेला दिसत होता. मला त्यांना नको म्हणावंसं वाटलं नाही. घोडेगाव आलं तेव्हा माझी पावलं ब्रेकवरून सुटेनात, गॅरेजवाल्याने बूट धरून सोडवली.

मिळेल त्या गाडीने डोहाळजेवणाला आम्ही पोचलो, तेव्हा पंगत उठत होती. डोहाळ्यांच्या गाण्यांऐवजी बायका सासूबाईंभोवती गोल करून घाट ऐकत बसल्या. "जावईबापू घाबरले न्हाईत अजाबात," त्या सांगत होत्या. "तोंडातनं आवाज म्हून काढला न्हाई." मी मान खाली घालून ताटातला वरणभात कालवत राहिलो.

गाडी गॅरेजमध्येच राहिली. संध्याकाळी नेवाशाच्या स्टँडवर आम्ही नगरच्या एसटीत बसलो. मायलेकी पुढच्या सीटवर एकमेकींवर रेलून झोपल्याही. मी समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला, पाय जमिनीत रोवले आणि कंडक्टरला हळूच विचारलं, "ड्रायव्हर उताराला इंजिन बंद करत नाहीत ना?"

कंडक्टरने माझ्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं.

"साहेब," तो म्हणाला, "गाडी अजून स्टँडातच उभी हाय. ड्रायव्हर चहाला गेलाय."