निळ्या कागदाखालचा रंग

भास्कर मुळ्ये टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हा सगळ्या आळीला वाटलं, आता हा माणूस जरा स्वस्थ बसेल. छे! स्वस्थ बसणं त्यांच्या कुंडलीतच नव्हतं. मिक्सर बिघडला तर ते दुरुस्त करायचे आणि नाही बिघडला तरी आत काय असतं ते बघायला उघडायचे. नवी वस्तू घरात आली की त्यांची बायको कमला आधी स्क्रूड्रायव्हर लपवून ठेवायची. अशा माणसाला शार्दूलने, म्हणजे पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने, आपला जुना कॉम्प्युटर दिला आणि वर एक रंगीत प्रिंटर. आता बोला!

माजघरात भर दुपारीही काळोख, म्हणून कॉम्प्युटर पडवीत बसला. भास्कररावांनी त्यावर पत्ते खेळून पाहिले, टेलिफोन खात्याला दोन तक्रारअर्ज छापले आणि मग कंटाळून त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवला. पण दोन हजार सहा सालच्या वैशाखात सखाराम गेला आणि त्या प्रिंटरला एकदम काम लागलं.

सखाराम म्हणजे गणपतीचा कारखानावाला. मुळ्यांचा गणपती त्याच्याकडचा, आणि त्याच्या आधी त्याच्या बापाकडचा. नागपंचमीला पाट नेऊन द्यायचा आणि चतुर्थीला त्या पाटावर बसलेला गणपती घरी यायचा. दर वर्षी तीच बैठक, तोच पिवळा पितांबर, तोच हिरवा शेला आणि अंगाचा रंग तर सखारामच्याच हातचा. पांढरा म्हणावा तर नाही, गुलाबी म्हणावा तर तोही नाही. भास्कररावांची आई म्हणायची, "न्हाऊन आलेल्या पोराचा तळपाय बघावा, तसा." त्या रंगाला यापेक्षा बरं नाव कुणाला सापडलं नव्हतं.

आई आता पंच्याऐंशीच्या घरात होती. पाय थकले होते, पण डोळे असे खणखणीत की तांदळातला खडा ती खुर्चीवरून दाखवायची. सखाराम गेल्याचं कळलं तेव्हा तिने भास्कररावांना जवळ बोलावलं. मग म्हणाली, "भास्कर, विसर्जनाला सगळ्या बायका रडतात, मी कधी रडले नाही. का माहीत आहे? पुढच्या वर्षी हाच परत येणार, हे मला ठाऊक असायचं. यंदा येईल का रे हाच?"

"येईल हो आई, न येऊन जातो कुठे!" असं भास्करराव म्हणाले खरे, पण त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती.

सखारामचा मुलगा रावजी चिपळूणला गॅरेजात गाड्यांना रंग मारायचा. बाप आजारी पडला तेव्हा तो परत आला आणि आता कारखाना त्याच्या गळ्यात होता. मुलगा मनाने चांगला, हातही चांगला, पण बापाबरोबर रंग कालवायला तो कधी बसलाच नव्हता. भास्करराव पाट घेऊन गेले तेव्हा तो कान खाजवत म्हणाला, "काका, खोटं कशाला बोलू? तुमच्या गणपतीचा रंग माझ्या डोळ्यासमोर हाय, पण हातात नाय. गेल्या वर्षीचा फोटो असला तर द्या. फोटोसारखा देतो."

फोटो होता! गेल्या चतुर्थीला सखारामने गणपती चौरंगावर टेकवला, त्याचा हात अजून पाटाला लागलेला, तेवढ्यात शार्दूलने आपल्या डिजिटल कॅमेऱ्याने टिपला होता. मागे मखराला आईचा लग्नातला डाळिंबी शालू लावलेला. भास्कररावांनी कॉम्प्युटरवरचा टॉवेल काढला आणि बाह्या सरसावल्या.

पहिला फोटो छापून आला तो पार ओलागच्च. शाई पसरून गणपतीची सोंड शेल्यात मिसळली. कागद पावसाळी हवेने सर्द झाला होता, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कमलाचा पापडांचा डबा रिकामा करून कागद त्यात ठेवले. पापड कुठे ठेवायचे हा प्रश्न कमलाने विचारला, पण तो कुणी ऐकला नाही. पुढचा फोटो नीट आला, फक्त निळसर. पडद्यावरचा गणपती प्रसन्न आणि कागदावरचा थंडीने काकडलेला! त्यांनी निळा कमी केला, लाल वाढवला, पिवळा किंचित चढवला, पुन्हा छापलं. पुन्हा कमी, पुन्हा जास्त. शेवटी एक कागद असा आला की पडद्याशेजारी धरला तर डावं-उजवं करता येईना. भास्कररावांनी स्वतःच्याच मांडीवर थाप मारली, फोटो पिशवीत घातला आणि भर पावसात कारखाना गाठला.

रावजीने दारातल्या उजेडात फोटो धरला आणि एकदा फोटोकडे, एकदा भास्कररावांकडे पाहिलं.

"काय रे?"

"काका, राग मानू नका. गणपतीला कावीळ झाली की काय?"

भास्कररावांनी फोटो हिसकावून घेतला. खरंच की! गणपती नखशिखांत पिवळा-केशरी. घरून निघताना इतका गोजिरा होता, वाटेत याला झालं काय? पाणी लागलं म्हणावं तर पिशवी कोरडी. शाई उडाली म्हणावं तर इतक्यात? ते तसेच तरातरा घरी आले, पडवीत पिशवी उघडली आणि मटकन खुर्चीत बसले. फोटो पुन्हा उत्तम! आजारी माणूस डॉक्टरच्या दारात बरा होतो म्हणतात, इथे उलटंच.

दुसरा कुणी असता तर त्याने कपाळाला हात लावला असता. भास्कररावांना मात्र मनातून गुदगुल्या व्हायला लागल्या. अशी गंमत टेलिफोनच्या खांबांवर उभी हयात घालवूनही त्यांना भेटली नव्हती. मग काय, फोटो घेऊन येरझारा सुरू. पडवीत बरा, रस्त्यावर कावीळ. फाटकापाशी थोडी कमी कावीळ. शेजारच्या बायका खिडकीतून बघायला लागल्या, तशी कमला म्हणाली, "अहो, लोक म्हणतील रिटायर झाल्यावर यांना वेड लागलं." त्यांनी शार्दूलला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, स्क्रीन कॅलिब्रेट करावा लागतो." भास्करराव म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला. शब्द भारदस्त होता, पण त्याने फाटकापाशी काय होतं ते सुटत नव्हतं.

सुटलं ते बनियनमुळे. पावसाचे दिवस, त्यामुळे धुणं पडवीतच दोरीवर. भास्कररावांनी आपला बनियन ओढला आणि आधीच डोकं तापलेलं, ते कमलावर खेकसले, "किती गो नीळ घालतेस! सगळा पावसाळा मी निळा होऊन हिंडतोय."

कमला पोळपाट सोडून बाहेर आली. "नीळ? नीळ घालायची मी केव्हाच सोडली. घरात नीळ औषधालासुद्धा नाही!" तिने बनियन हातातून घेतला, त्यांना दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि मागच्या दाराच्या उजेडात तो त्यांच्या नाकासमोर धरला. बनियन पांढराशुभ्र.

भास्करराव बनियनकडे बघत राहिले. मग हळूच पडवीत आले आणि त्यांनी मान वर केली. झड आत येऊ नये म्हणून मृगाच्या आधी पडवीला बाहेरून प्लास्टिकचा कागद बांधलेला होता. दर वर्षीच बांधतात, सगळी आळी बांधते. कागद निळा होता. पडवीतला उजेड निळा, जमीन निळी, खुर्ची निळी, कमलाचा पदर निळा. आणि ज्येष्ठापासून त्यात बसून बसून आपल्याला तो दिसायचाच बंद झाला होता! कॉम्प्युटरचा पडदा स्वतःच्या दिव्याने उजळतो, त्याला या उजेडाचं सोयरसुतक नाही. छापलेला फोटो मात्र पडवीचा उजेड पिऊन निळा दिसत होता आणि आपण त्या निळ्याशी भांडत गणपतीला पिवळं फासत बसलो होतो.

"सापडला चोर!" असं ओरडून त्यांनी प्लास्टिकच्या गाठी सोडायला सुरुवात केली. कमला "अहो, अहो" करेपर्यंत कागद खाली. पाऊसही टपूनच बसलेला, पहिलीच झड थेट कॉम्प्युटरवर! मग जी तारांबळ उडाली ती काय सांगावी. मॉनिटर कमलाच्या कडेवर, प्रिंटर भास्कररावांच्या, आणि आई खुर्चीतून पदर तोंडाला लावून हसतेय. संसार शेवटी स्वयंपाकघरात मागच्या दाराशी मांडला. कमला दोन दिवस फक्त कामापुरतं बोलली.

पण उजेड पांढरा मिळाल्यावर नवी शंका आली. पडदा तरी खरं बोलतो कशावरून? गेल्या वर्षी मुक्कामाला आलेल्या गणपतीचं तर काहीच उरलेलं नाही, तो समुद्रात विरघळला. भास्करराव फोटोकडे टक लावून बसले आणि एकदम उठून आईच्या ट्रंकेपाशी गेले. शालू! गणपतीमागचा शालू आहे की घरात. कागदावरचा शालू आणि हातातला शालू एक झाला, तर त्याच्या पुढ्यातला गणपतीही खरा. आता ते पडद्याकडे बघेचनात. छापायचं आणि शालूवर ठेवायचं, छापायचं आणि शालूवर ठेवायचं. एक कागद शालूवर ठेवला तेव्हा त्याची कडा शोधावी लागली. त्यांनी तो आईला दाखवला.

आई म्हणाली, "शालू माझाच आहे. गणपतीचं मला कागदावर कळत नाही. घरात येईल तेव्हा सांगेन."

रावजीने फोटो दारात धरला तेव्हा त्याचा चेहरा बदलला. "हाच, काका. ह्योच बाबांचा रंग." तो पाट्यावर रंग कालवायला बसला. पांढरा घेतला, लाल टाकला, जरासा पिवळा. गुलाबी झाला. पिवळा वाढवला तर केशरी. पांढरा ओतला तर निर्जीव. फोटो बरोबर आणि रंग काही हाताला लागेना. चतुर्थी तर अगदी तोंडावर आलेली. रावजीने ब्रश टाकला आणि म्हणाला, "काका, मी गाड्याच रंगवायला पायजे होत्या." त्याचे डोळे भरून आले होते.

भास्कररावांना गलबलून आलं. ते उगीचच फोटो न्याहाळत राहिले. पाटावर टेकलेला सखारामचा हात. त्या अंगठ्याच्या नखाशी एक डाग होता. कावीळवाल्या फोटोत तो काळा दिसला होता, त्यांना मळ वाटला होता. आता तो स्वच्छ निळा होता.

"रावजी, आमच्या गणपतीला निळं काही नाहीच. मग हे काय रे?"

रावजीने वाकून पाहिलं. "ती होय? ती नीळ. आई गेल्यापास्नं धुणं बाबाच धुवायचे. नखात कायम नीळ." आणि बोलता बोलता तो थांबला. "पण काका... धुणं तर मी आल्यावर मीच धुवायचो, नुसत्या साबणानं. गेल्या गणपतीला मी होतो हितं."

तेव्हा सखारामच्या नखात नीळ कुठली? मग रावजी उठला. रंगांच्या डब्यांमागे हात घालून त्याने निळीची जुनी बाटली काढली. धुण्याची म्हणून तिच्याकडे त्याने कधी लक्षच दिलं नव्हतं. काडीच्या टोकावर थेंब घेतला, कालवलेल्या रंगात सोडला आणि अंगठ्याने फिरवला. केशरीपणा बघता बघता बसला. पाट्यावर न्हाऊन आलेल्या पोराचा तळपाय उमटला. रावजी तिथेच उकिडवा बसून ढसाढसा रडला आणि भास्कररावांनी त्याला रडू दिलं.

चतुर्थीला रावजीने गणपती स्वतः डोक्यावरून आणला. पडवीला प्लास्टिक नव्हतं, सगळी पडवी ओली होती, तरी कमलाने चकार शब्द काढला नाही. मागे मखराला शालू लावलेला होता. रावजीने चौरंगावर पाट टेकवला, तोंडावरचं वस्त्र काढलं आणि बाजूला सरकला. भास्कररावांनी गणपतीकडे पाहिलंच नाही. ते आईकडे बघत होते.

आई खुर्चीवरून उठली. भिंतीला धरत धरत चौरंगापाशी आली, पुढे वाकली आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"आलास?" ती म्हणाली. मग रावजीचा हात हातात घेऊन त्याच्या निळ्या अंगठ्यावरून तिने बोट फिरवलं. "आणि सखारामालाही घेऊन आलास हो."