हनुवटीवरचे तीन ठिपके

मंडळी, आज सकाळी माझ्यावर घोर अन्याय झाला. फोटोग्राफीच्या ग्रुपवर सुधारलेला फोटो टाकून दोन तास उलटले, तरी एकाही तज्ज्ञाने मत दिलं नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी व्यावसायिक फोटोग्राफर व्हायला निघालेल्या माणसाने जगावं कसं?

फोटो आमच्या फुलसावंगीच्या शेवंताआजीचा. महिन्यापूर्वी काढला तेव्हा ती म्हणाली होती, "कागदावर देजो बाप्पा. मोबाइलात मले दिसत नाही." मग दोनदा निरोपही आला. मी म्हणालो, आधी जाणकारांचं मत घेतो. जाणकार म्हणाले, उजेड वाढवा. वाढवला. म्हणाले, हनुवटीवरचे डाग काढा. काढले.

दुपारी आजीची मुलगी आली. आजी परवा गेली, आणि भिंतीवर लावायला घरात एकही फोटो नव्हता. मी मोठ्या रुबाबात सुधारलेला फोटो दाखवला.

तिने बराच वेळ पाहिला. "दादा, मायचं गोंदण कुठी गेलं?"

मी फोटो मागे घेतला.

"लहानपणी मी त्यावर बोट ठेवूनच झोपत होती," ती म्हणाली.

ते गोंदण आहे हे मला ठाऊक होतं, मंडळी. तरी पुसलं. महिनाभर अनोळखी लोकांना विचारत बसलो, आणि जिचा चेहरा, तिलाच दाखवला नाही. तुम्ही असं कोणाला ताटकळत ठेवलंय का?

संध्याकाळी मूळ फोटो छापून तिच्या घरी गेलो. मुलगी रिकामी चौकट घेऊन ओसरीवर बसली होती. मी चौकटीचे खिळे उचकटले आणि फोटो नीट बसवून दिला.