पाझर तलावावरचे नाईक

गोष्ट सांगताना मला हात आवरत नाहीत. जेवताना मी बोलायला लागलो की घरातलं कुणीतरी न सांगता माझ्यासमोरची आमटीची वाटी लांब सरकवतं. त्यामुळे या गोष्टीत मी जे केलं त्याचं माझ्या ओळखीच्या कुणालाही नवल वाटणार नाही. नवल माझ्या सासऱ्यांचं.

त्यांना मी मामा म्हणतो. साताऱ्याकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर बायकोने त्यांना आमच्याकडे रावेतला आणलं. अकराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत खुर्ची टाकून ते दिवसभर एक्स्प्रेसवेकडे तोंड करून बसत, पण त्यांना त्यातलं जवळजवळ काहीच दिसत नसे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता. बायकोने ऑपरेशनची तारीख दोनदा घेतली आणि मामांनी दोनदा मोडली. पहिल्यांदा दाढ दुखते म्हणून, दुसऱ्यांदा अमावास्या आहे म्हणून. या माणसाने तोवर पंचांग कधी हातात धरलेलं नव्हतं.

जानेवारीत मी कामासाठी महाळुंगेच्या पुढे गेलो होतो. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यांच्या मालात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा, असं सुखाचं काम. त्या दिवशी पुरवठादाराचा माल अजून मशिनवरच होता, म्हणून चहाचा कागदी कप घेऊन मी त्याच्या शेडच्या मागे गेलो. तिथे भिंतीपलीकडे एक पाझर तलाव आहे. बांधावर चढलो आणि कप हातातच राहिला. पलीकडच्या काठावर चाळीसेक मोठे पक्षी चरत होते. राखाडी अंग, पांढरं डोकं, नारिंगी पाय, आणि डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे, जणू कुणी बुरुशाने ओढलेले. पट्टकादंब. रानटी हंस म्हणा. मी घाईघाईने मोबाइलवर व्हिडिओ काढला. त्यात निम्मा वेळ माझा अंगठा आहे, पण आवाज स्वच्छ आला होता.

रात्री जेवणाआधी तो व्हिडिओ घरात लावला. नाकातून काढल्यासारखा तो आवाज ऐकला आणि बाल्कनीतून मामा म्हणाले, "पुन्हा लावा." मी लावला. ते भिंतीला हात धरत आत आले, फोन कानाशी घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ही आमची हायत."

मग त्यांनी सांगितलं. लान्स नाईक असताना त्यांची पोस्टिंग लडाखला एका तळ्याजवळ होती. एप्रिलमध्ये अर्धं तळं गोठलेलं असतानाच हे पक्षी डोंगरावरून उतरत. तळ्यात एक लहानसं बेट होतं, तिथे त्यांची घरटी. घरटं म्हणजे जमिनीतला खळगा, थोडं गवत, आणि त्यावर मादीने आपल्याच छातीची उपटून अंथरलेली मऊ पिसं. मादी अंड्यांवर बसली की नर शेजारी मान ताठ करून उभा. काठावर मामांचा पहारा, बेटावर त्याचा. मामांची ड्यूटी बदलायची, त्याची बदलत नसे. आणि डोक्यावर दोन पट्टे म्हणजे फौजेच्या हिशोबाने नाईक. मामांच्या बाहीवर एकच. हुद्द्याने तो वरचा. "मग मान द्यावाच लागायचा," मामा अगदी गंभीरपणे म्हणाले. पिल्लं बाहेर आली की दुसऱ्याच दिवशी आई-बापांच्या मध्ये पाण्यात. थंडी पडायला लागली की सगळे निघून जात. कुठे जातात हे तिथे कुणी विचारलं नाही.

ते चाकणला येतात, हे मामांना इतक्या वर्षांनी माझ्या अंगठ्याच्या व्हिडिओतून कळलं.

त्या रात्री त्यांनी अट घातली. आधी नाईक दाखवायचे, मगच डोळ्याला हात. मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "आत्ता निदान पांढरं-काळं कळतंय. चिरल्यावर तेवढंबी गेलं तर? जे बघायचं ते आधीच बघतो."

इतकं सोपं मागणं. पण आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते आणि माझे गुरुवार कुठे जातात हे मलाही कळत नाही. एक लग्नात गेला. दोन ऑडिटच्या तयारीत गेले. मार्च लागला तसे उरलेले वर्षअखेरच्या ओव्हरटाइमने खाल्ले. मामा दर बुधवारी रात्री बूट पुसून दाराशी ठेवत आणि गुरुवारी सकाळी मी कंपनीत निघताना पाहिलं की ते उचलून आत ठेवत. मी सांगत राहिलो, की पक्षी कुठे जातात, पाडव्यापर्यंत इथेच असतात. हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मी ते इतक्या ठसक्यात बोललो होतो की नंतर माझाच विश्वास बसला.

तोवर बायकोने तिसरी तारीख घेतली होती, एका शुक्रवारची. या वेळी मोडली तर दोघांनाही ॲडमिट करेन, असं तिने बजावलं. मग आदल्या दिवशी, गुरुवारी, मी साहेबांना पोट बिघडल्याचं कळवलं आणि मामांना गाडीत घातलं. तळवड्यावरून निघोजेमार्गे गेलो. मागच्या सीटवर घडीची खुर्ची, थर्मासमध्ये चहा, आणि शेजारी चकचकीत बूट घातलेले सुभेदार.

गाडी बांधाखाली लावली. मामांना आत बसवून, काच खाली करून मी आधी एकटाच वर गेलो. तलाव रिकामा. काठावर विष्ठा आणि चार पिसं. शेळ्या चारणारा एक म्हातारा बांधाच्या टोकावरून ओरडून म्हणाला, "पाखरं व्हय? गेली की परवाच." मी ओठांवर बोट ठेवलं, तसा तो शेळ्यांकडे वळला.

खाली येताना माझ्या डोक्यात एकच होतं: उद्या शुक्रवार. आज नाईक दिसले नाहीत तर उद्या डोळा नाही, आणि पुढचे नाईक थेट दिवाळीनंतर. तलावाच्या मध्यावर कुणा मासे धरणाऱ्याने जाळं लावलं होतं आणि त्यावर पांढऱ्या थर्माकोलचे तुकडे तरंगत होते. लहानमोठे, वाऱ्यावर डुलणारे. मी मामांना हाताला धरून वर आणलं, खुर्ची मांडली, आणि सुरुवात केली.

काय रंगलो होतो मी! हा पुढारी, ही त्याची बायको, ती दोघं भांडखोर. पंख पसरले तर माझेच हात पसरत होते. मामा पांढऱ्या ठिपक्यांकडे डोळे बारीक करून बघत होते. मला वाटलं, अजून थोडं हवं. म्हणून मी म्हणालो, की नर गवत आणतोय, घरट्याची तयारी दिसते.

"असं?" मामा म्हणाले. "आणि मादी? छातीची पिसं उपटतीय का बघा."

"उपटतेय," मी म्हणालो. "अंथरतेय सुद्धा. आत अंडी आहेत, चार तरी असतील."

"चार," मामा म्हणाले. मग चहा मागितला, प्याले, आणि उठून म्हणाले, "चला. उद्या करून घेऊ डोळा."

मी जिंकलो होतो. शुक्रवारी सकाळी बायकोच्या आधी ते तयार होते. एक डोळा झाला, दीडेक महिन्याने दुसराही झाला. कुणाची फसवणूक करून कुणाचं इतकं भलं क्वचितच होतं, असं म्हणून मी स्वतःवर खूश होतो. मामा वर्तमानपत्र वाचायला लागले, एक्स्प्रेसवेवरच्या ट्रकांची पासिंगं ओळखायला लागले. तलावाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.

दिवाळी झाली. एका बुधवारी रात्री बूट पुन्हा दाराशी आले. मी निमूटपणे गुरुवार मोकळा ठेवला.

या वेळी बांध चढायला मामांना माझा हात लागला नाही. वर पोचायच्या आधीच आवाज ऐकू आला, तोच नाकातला. पंचवीस-तीस असतील. पट्टे, नारिंगी चोची, सगळं काठाशी, उन्हात लख्ख. मी खुर्ची पाण्याकडे तोंड करून मांडली. मामांनी ती उचलली, माझ्याकडे वळवली आणि बसले.

"हं. सांगा," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"तेच. त्या दिवशी सांगितलं तसं. नर गवत आणतोय."

मी पाण्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं. ते म्हणाले, "पावणं, मोतीबिंदू डोळ्यात हुता, कानात न्हाई. शेळ्यावाल्याचं ऐकलं मी गाडीतनं. आणि ही पाखरं अशी मुकी बसतात व्हय? अंडी तर तिकडं लडाखला घालत्यात, हे मीच तुमाला सांगितलेलं."

माझ्या कंपनीत याला म्हणतात, पुरवठादाराचाच माल पुरवठादाराला विकणं. मी विचारलं, कळलं होतं तर मग डोळ्याला हो का म्हणालात.

"एवढा माणूस हात हलवून हलवून तोंडावर खोटं बोलतोय, आणि मला त्याचं तोंड दिसत न्हाई. हे काय बरं न्हाई. म्हटलं, घ्यावा करून." त्यांनी हातावर हात ठेवले. "आता दिसतंय. चालू करा."

मग मी केलं. मामांच्या मागे खरे नाईक ओरडत होते, आणि मी त्यांच्याकडे न बघता थर्माकोलच्या नाईकांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. पंख पसरले, मान ताठ केली, पिसंसुद्धा उपटली. मामा टक लावून माझं तोंड बघत होते. अंड्यांपाशी आलो तेव्हा त्यांना हसू आवरेना. चार म्हणालो तेव्हा त्यांनी खुर्चीची दांडी धरली.

नंतर त्यांनी डोळे पुसले आणि खुर्ची पाण्याकडे फिरवली. मी गप्प बसायचं, हे न सांगता ठरलं. त्यांनी बोटाने एकेक नाईक मोजायला सुरुवात केली.